सरत्या उन्हाळ्यातला आस्वाद

रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागते आणि ७-८ जूनला मृग निघतो. या पंधरवड्यात सह्याद्रीच्या जाळ्यांत करवंदे-जांभळे अजून टिकून असतात, वळवाच्या एखाद्या सरीने माती भिजून गेलेली असते आणि शाळा उघडायला थोडेच दिवस उरलेले असतात. अनेक कुटुंबे याच दिवसांत फार लांब न जाता जवळच्या डोंगरात, धरणाच्या काठी, देवराईत नाहीतर एखाद्या नातेवाइकाच्या वाडीत दिवस काढून येतात. डब्यात दशम्या, दाण्याची चटणी, कैरीचे लोणचे, अंथरायला सतरंजी. खर्च थोडा, बेत साधा. तरीही या सहलीची गोडी सुट्टीच्या सुरुवातीच्या कोणत्याही सहलीला नसते, कारण दिवस संपत आले आहेत हे सोबतच्या लहानग्यालाही ठाऊक असते. धर्मचिंतनाच्या दृष्टीने प्रश्न उभा राहतो तो इथेच. जे संपणार हे माहीत आहे त्यात मन रमवणे ही आसक्ती म्हणायची काय? आणि ती आसक्ती नसेल, तर तिच्यात आणि आस्वादात फरक नेमका कुठे?

आसक्तीचा सर्वांत काटेकोर विचार पतंजलींच्या योगसूत्रांत सापडतो. अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश हे पाच क्लेश त्यांनी दुसऱ्या पादात सांगितले आहेत. त्यांतला राग म्हणजे सुखाच्या मागोमाग येणारी ओढ. या सूत्रांवरचे व्यासभाष्य हे आणखी स्पष्ट करते: ज्याने सुख अनुभवले आहे, त्याला त्या सुखाची आठवण होते आणि त्या आठवणीतून सुखाविषयी किंवा ते मिळवून देणाऱ्या साधनांविषयी जी तहान लागते, तो राग. या व्याख्येत एक गोष्ट सहसा नजरेतून निसटते. इथे राग म्हणून जे दाखवले आहे ते सुख नव्हे, सुखानंतरची हाव आहे. जांभळाच्या झाडाखाली बसून जांभूळ खाताना जिभेला येणारा तुरटपणा हा क्लेश नाही. पुढच्या वर्षी हेच झाड, हीच माणसे, हाच दिवस मिळालाच पाहिजे असा हट्ट मनात धरला की क्लेशाला सुरुवात होते.

एवढ्यावर पतंजलींनी आस्वादाला मोकळीक दिली असे मात्र समजता येत नाही. त्याच पादात पुढे ते म्हणतात की विवेकी माणसाला सारेच दुःखरूप वाटते आणि त्याची कारणेही देतात: सुख पालटते, ते भोगतानाच गमावण्याची धास्ती असते आणि त्याचा संस्कार मागे राहून पुन्हा त्याच वाटेला ओढतो. सरत्या सुट्टीतल्या सहलीला ही तिन्ही कारणे अक्षरशः लागू पडतात. ऊन कलू लागले की मुले गप्प होतात, आई-वडिलांच्या डोक्यात वह्या-पुस्तके आणि गणवेशाची यादी सुरू होते आणि घरी परतल्यावर कितीतरी दिवस मन त्याच ओढ्याकाठी घुटमळते. हा आक्षेप खरा आहे, तो झटकून टाकण्याजोगा नाही.

अद्वैत वेदान्तात तर आस्वादाचे नाव थेट विघ्नांच्या यादीत आहे. पंधराव्या शतकातले सदानंद यांचा 'वेदान्तसार' समाधीच्या आड येणारी चार विघ्ने सांगतो: लय, विक्षेप, कषाय आणि रसास्वाद. त्याआधी कितीतरी शतके गौडपादांनी मांडूक्यकारिकांमध्ये साधकाला बजावले होते की त्या अवस्थेतल्या सुखाची चव घेत थांबू नये, प्रज्ञेच्या बळावर निःसंग राहावे. ही वचने प्रपंचातल्या साध्या आनंदाविरुद्ध वापरण्याची सवय पुष्कळ प्रवचनकारांना आहे. ती चुकीची आहे. गौडपाद आणि सदानंद बोलतात ते समाधीच्या उंबरठ्याशी पोहोचलेल्या साधकाविषयी. त्याने वाटेतल्या सुखालाच मुक्काम समजू नये, एवढेच त्यांना सांगायचे आहे. मुलांना घेऊन रानात गेलेल्या गृहस्थापुढे तो उंबरठाच नसतो. आत्मज्ञानाच्या शेवटच्या पायरीचा नियम पहिल्या पायरीवर लावला की धर्म म्हणजे आनंदाचा दुस्वास, अशी समजूत घट्ट होते.

वैराग्य आणि आस्वाद एकाच माणसात नांदू शकतात काय, याचे उत्तर बौद्ध वाङ्मयात फार सुंदर मिळते. महाकश्यप हे बुद्धांच्या शिष्यांत धुतांगव्रते पाळणाऱ्यांमध्ये अग्रगण्य. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, राहणी अत्यंत कठोर. 'थेरगाथे'त त्यांच्या नावावर असलेल्या गाथांमध्ये मात्र निळ्या ढगांच्या रंगाचे कडे, थंडगार पाण्याचे झरे, पावसाने भिजलेले पठार, मोरांच्या केका आणि हत्तींचे चीत्कार यांचे वर्णन येते, आणि हे डोंगर मला रमवतात असे ते पुनःपुन्हा सांगतात. तृष्णा संपलेला हा अर्हत डोंगराकडे पाहून सुखावतो. तृष्णा गेली म्हणजे सौंदर्य दिसेनासे होते, ही कल्पना इथे टिकत नाही.

याहून विलक्षण प्रसंग 'महापरिनिब्बान सुत्ता'त आहे. ऐंशीच्या घरात पोहोचलेले, नुकत्याच मोठ्या दुखण्यातून उठलेले बुद्ध वैशालीजवळच्या चापाल चैत्याशी शिष्य आनंदासोबत बसतात आणि वैशाली किती रमणीय आहे हे सांगत एकेका चैत्याचे नाव घेतात: उदेन, गोतमक, सत्तंब, बहुपुत्त, सारंदद, चापाल. पुढे नगर सोडताना ते हत्तीसारखे सबंध अंगाने मागे वळून वैशालीकडे पाहतात आणि तथागताचे हे शेवटचे वैशालीदर्शन असे आनंदाला सांगतात. सगळे संस्कार अनित्य आहेत हे आयुष्यभर शिकवणाऱ्या माणसाने निरोपाच्या वेळी जागांची नावे घेऊन त्यांचा गौरव करावा, याला महत्त्व आहे. अनित्यतेच्या जाणिवेने इथे आस्वाद विझत नाही. उलट कशाकडे नीट पाहायचे राहून जाऊ नये, ही जाग तीच जाणीव देते. पतंजलींनी ज्या धास्तीला दुःखाचे कारण म्हटले ती आणि ही जाग, दोन्ही संपण्याच्या एकाच जाणिवेतून येतात. धास्तीत मन उद्याकडे पळते. वैशालीकडे वळून पाहणाऱ्या नजरेत ते समोरच्या वस्तूवर ठरते.

काश्मीर शैवांनी याहून पुढचे पाऊल टाकले. 'विज्ञानभैरव' या ग्रंथात ११२ धारणा सांगितल्या आहेत, म्हणजे चित्त परमतत्त्वाशी जोडण्याच्या रीती. त्यांतली एक धारणा मोठा आनंद झाला असता किंवा पुष्कळ दिवसांनी आप्त भेटला असता करायची आहे. तो आनंद जिथून उसळतो तिकडे लक्ष द्यावे आणि मन त्यातच विरू द्यावे. तिच्या लगेच पुढची धारणा खाण्यापिण्याने येणाऱ्या उल्हासाची आहे. आप्तांची भेट आणि एकत्र जेवण या दोन्ही गोष्टी इथे सरळ साधनेच्या यादीत बसल्या आहेत. अट एकच, की लक्ष आनंद देणाऱ्या वस्तूवर झडप घालण्याऐवजी आनंदाच्या उगमाकडे वळावे. दहाव्या-अकराव्या शतकातल्या अभिनवगुप्तांनी नाट्यरसाचा उलगडा करताना हेच सूत्र वेगळ्या अंगाने मांडले. रस ही चाखण्याची क्रिया आहे, ती चालू असते तोवरच रस असतो आणि त्या काळात प्रेक्षकाचे 'मी' आणि 'माझे' बाजूला पडलेले असते.

कुटुंबाच्या बाबतीत खरी अडचण येते ती इथे. नाटकातला राम प्रेक्षकाचा कोणी लागत नाही, म्हणून 'माझे'पण गळून पडणे सोपे. ओढ्यात पाय सोडून बसलेली मुलगी मात्र 'माझी' असते, आणि तिच्या हसण्याची गोडी त्या माझेपणातूनच आलेली असते. मग कौटुंबिक आस्वाद हा ममत्वाचाच विस्तार नव्हे काय?

या प्रश्नाला भागवत पुराणाने एका वनभोजनाच्या कथेतच हात घातला आहे. दशम स्कंधाच्या तेराव्या अध्यायात कृष्ण आणि गोपाळ यमुनेच्या वाळवंटात शिदोऱ्या सोडतात. ताटे नाहीत, कोणी फुलांवर, कोणी पानांवर, कोणी झाडाच्या सालीवर, कोणी दगडावर अन्न वाढून घेतो. कृष्णाची बासरी कमरेला खोचलेली, डाव्या हातात दहीभाताचा घास, बोटांच्या बेचक्यांत फळे. यज्ञातला हविर्भाग घेणारा इथे पोरांशी चेष्टा करत जेवतो आहे, हे देव आश्चर्याने पाहतात. वारकरी सप्ताहाच्या शेवटी जो काला होतो, तो याच जेवणाचा. काल्याच्या कीर्तनात पुढची गंमतही सांगतात: उष्टी शिते मिळावीत म्हणून देव मासे होऊन यमुनेत आले, तर कृष्णाने हात न धुता कांबळ्याला पुसायला लावले.

भागवतातली कथा मात्र इथून गंभीर वळण घेते. ब्रह्मदेव आधी वासरे आणि मग गोपाळ पळवून नेतो. कृष्ण स्वतःच सारी वासरे, सारी मुले होतो आणि संध्याकाळी घरोघर परततो. वर्षभर गोकुळातल्या आयांना आपल्या मुलांविषयी पूर्वी कधी नव्हते एवढे प्रेम वाटू लागते. कथा ऐकणाऱ्या परीक्षित राजाला हे कोडे पडते: परक्या मुलाविषयी पोटच्या मुलाहून अधिक प्रेम कसे? कथा सांगणारे शुकमुनी उत्तर देतात की प्रत्येकाला सर्वांत प्रिय असतो तो आत्मा. मूल, घर, धन त्याच्यासाठी प्रिय होतात, आणि कृष्ण हा सर्वांचा आत्मा आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्यांनी मैत्रेयीला सांगितलेले तत्त्वच इथे गवळ्यांच्या घरात उतरले आहे. भागवत ममत्वाचा निषेध करत नाही, ते त्याचा तळ दाखवते. ज्यावर प्रेम बसले ते मुळात कोणाच्या मालकीचे नव्हतेच, आणि तरीही प्रेम खरे होते. वर्षाने मूळ गोपाळ परत येतात तेव्हा त्यांच्या लेखी क्षणही लोटलेला नसतो. तू लवकर आलास, तुझ्यावाचून आम्ही एक घासही खाल्ला नाही, असे ते कृष्णाला सांगतात आणि जेवण पुढे चालू होते.

साध्या सहलीतला साधेपणा या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. दगडावर वाढलेला भात आणि आज सतरंजीवर सोडलेला डबा यांत राखून ठेवण्यासारखे काही नसते, त्यामुळे लक्ष माणसांकडे आणि समोरच्या रानाकडे राहते. बेत जितका मोठा, तितकी पैसे वसूल करण्याची घाई वाढते. मग ठिकाणे उरकायची, छायाचित्रे साठवायची आणि पुढच्या वर्षी याहून भारी काय, याचा हिशेब परतीच्या गाडीतच सुरू करायचा. व्यासभाष्याने रागाचे जे वर्णन केले ते हेच.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, भंडारदरा आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात, दर वर्षी याच पंधरवड्यात आस्वाद आणि हाव यांतला हा फरक डोळ्यांना दिसतो. मृगाच्या तोंडावर हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर काजवे हजारोंनी लुकलुकतात. काजव्याची अळी दमट मातीत गोगलगायी आणि बारीक जीव खाऊन कित्येक महिने काढते. प्रौढ काजव्याच्या वाट्याला त्यानंतर काही आठवडेच येतात आणि त्याचा उजेड म्हणजे नर-मादीने एकमेकांना घातलेली साद असते. गाड्यांचे दिवे, विजेऱ्या आणि कॅमेऱ्याचे फ्लॅश त्या सादेवर पडले की जोडीदार सापडणे अवघड होते. काजवा पाहायला आलेला माणूस त्याच्यावर विजेरी मारतो तेव्हा त्याला आस्वाद घ्यायचा नसतो, ताबा हवा असतो, आणि ताब्याने इथे वस्तूच नष्ट होते. अंधारात गप्प उभे राहिले तर पाच-दहा मिनिटांत डोळे सरावतात आणि आधी न दिसलेली झाडेही उजळलेली दिसू लागतात. मुलांना ही कळ काढायला शिकवणे हे घरच्या मोठ्यांचे काम, आणि तेवढ्यापुरते ते इंद्रियसंयमाचेच शिक्षण आहे. ईशोपनिषदाचा पहिला मंत्र त्यागपूर्वक भोगायला सांगतो, आणि त्यालाच जोडून कोणाच्याही धनाचा लोभ धरू नये असेही सांगतो. शंकराचार्यांनी या मंत्राचा रोख संन्यासाकडे लावला. गृहस्थाने त्यातली जोडणी घेतली तरी पुष्कळ आहे.

त्या मंत्रातला लोभाचा भाग इथे विशेष लागू पडतो, कारण हे रान रिकामे नाही. अकोल्याच्या डोंगरातल्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांना हाच पंधरवडा कष्टाचा असतो. शेण, पालापाचोळा आणि वाळक्या फांद्या अंथरून भाताच्या रोपासाठी राब भाजून झालेला असतो. आता छपरे शाकारायची, सरपण आत घ्यायचे, बियाणे काढून ठेवायचे. शहरातल्या कुटुंबाला जो सुट्टीचा शेवट वाटतो तो त्यांच्या वर्षाचा आरंभ असतो. याच धांदलीत यांतली काही घरे पाहुण्यांना उतरवून घेतात, चुलीवरची भाकरी-पिठले वाढतात, रात्री काजवे दाखवायला सोबत जातात. करवंदांचा द्रोण विकत घेताना घासाघीस न करणे, राबाच्या जागेत गाडी न घालणे, आपला कचरा आपल्याबरोबर परत नेणे आणि आपल्या मुलांना त्या घरच्या मुलांसोबत खेळायला मोकळे सोडणे, या गोष्टी आस्वादाच्या बाहेरच्या नाहीत. ज्या जागेवर आपली मालकी नाही तिथे पाहुण्यासारखे वागणे हा निःसंगतेचा गृहस्थाला रोज जमण्याजोगा प्रकार आहे, आणि धर्मग्रंथांनी आस्वादावर घातलेली अट त्यात पुरी होते.