देणेकऱ्याने पोटभर जेवावे काय?



छत्रपती संभाजीनगरहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वाळूजच्या अलीकडे पंढरपूर नावाचे गाव आहे. भाविक त्याला प्रेमाने ‘छोटे पंढरपूर’ म्हणतात. ज्यांना भीमातीरी जाणे घडत नाही असे हजारो लोक आषाढी एकादशीला पायी चालत येऊन येथे विठुरायाचे दर्शन घेतात. त्याच्या शेजारीच बजाजनगर. 1985 साली बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला, त्याच्या आजूबाजूला लहानमोठे शेकडो कारखाने उभे राहिले, आणि बीड, जालना, परभणी, बुलढाणा अशा जिल्ह्यांतून पोटासाठी आलेल्या कामगारांची वस्ती येथे वाढत गेली. शेत गावी राहिले, माळ मात्र गळ्यात घालून आणली. म्हणून या कामगारवस्तीत भोंगा आणि टाळ दोन्ही ऐकू येतात.

अशाच एका द्वादशीची गोष्ट. रात्रीचा जागर झाला, सकाळी पारण्याची पंगत बसली. एक तरुण गृहस्थ पानावर बसला खरा, पण दोन घास खाऊन हात आखडून राहिला. वाढणारा म्हणाला, “माउली, घ्या की.” तो नको म्हणाला. पंगत उठल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच विचारतो, “बुवा, एक विचारू का? डोक्यावर देणे असलेल्या माणसाने पोटभर जेवावे काय?”

सज्जनहो, प्रश्न साधा दिसतो, पण मला त्याचे उत्तर एकदम देता आले नाही. आधी त्याची हकीकत ऐकली. बहिणीच्या लग्नासाठी त्याने एका खाजगी सावकाराकडून 60,000 रुपये घेतले होते. व्याज शेकडा पाच, तेही महिन्याला. म्हणजे दरमहा 3,000 रुपये. वीस महिने त्याने एकही हप्ता चुकवला नाही. वीस त्रिक साठ. 60,000 रुपये देऊन झाले, आणि मुद्दल जिथल्या तिथे! ते भरता यावे म्हणून आधी स्वतःचे दूध बंद केले, मग रात्रीची भाकरी. दिवसपाळी संपली की दुसरीकडे रात्रपाळी. झोप चार तास. बायकोला काही सांगितले नाही. भजनाला येणे सोडले, कारण तोंड दाखवायची लाज वाटे. परवा यंत्रावर डुलकी लागली आणि हात थोडक्यात वाचला. “बोटे गेली असती तर बरे झाले असते,” तो म्हणाला, “भरपाई तरी मिळाली असती.”

हे वाक्य ऐकून माझ्या अंगावर काटा आला. ज्या हाताने टाळ धरायचा, लेकराला घास भरवायचा, त्या हाताची किंमत माणूस स्वतःच व्याजाच्या हिशेबात मांडू लागला! असा विचार करणारे मन पुढे जिवावरच उठते; आपल्या मराठवाड्यात कर्जापायी किती घरांचे दिवे विझले, हे मी का सांगावे?

आता कोणी म्हणेल, “बुवा, यात काय चुकले? दुसऱ्याचे पैसे थकलेले असताना याने दूधभात खावा आणि सुखाने झोपावे, हा कुठला धर्म? टोचणी आहे म्हणून तर देणे फिटते.” हा आक्षेप खोटा नाही. घेतलेले परत करणे हा धर्मच आहे. आपल्याकडे तर माणूस जन्मतःच देवांचा, ऋषींचा आणि पितरांचा ऋणी मानला आहे. ऋण बुडवून गळ्यातील माळ शोभत नाही. परंतु टोचणी आणि जाच या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. टोचणी माणसाला कामाला लावते. जाच त्याचे काम करणारे शरीरच मोडतो. बैल उपाशी ठेवून नांगरट लवकर होते, असे कोणी शेतकरी म्हणेल का?

येथे कायद्याचीच गोष्ट पाहा. 1908 च्या दिवाणी कायद्यात, कर्जदारावर हुकूमनामा झाला तरी काय जप्त करता येत नाही, याची यादी दिली आहे. अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्मरीतीप्रमाणे स्त्रीने उतरवू नये असा दागिना, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल आणि बियाणे. नोकरदाराच्या पगाराचाही मोठा भाग त्यात राखून ठेवला आहे. म्हणजे काय? भांडी राखली, म्हणजे जेवण राखले. अंथरूण राखले, म्हणजे झोप राखली. हत्यारे राखली, म्हणजे उद्याची कमाई राखली. न्यायाधीशाला दया आली म्हणून हे नव्हे. माणूस उभा राहिला तरच देणे फिटेल, हा त्यात व्यवहार आहे. मग जे कोर्टसुद्धा जप्त करीत नाही, ते जेवण आणि ती झोप आपणच आपल्याकडून जप्त करून घ्यावी काय?

आता संतांकडे वळू. श्रीतुकोबारायांचे घर देहूचे, महाजनकीचे आणि सावकारीचे. 1630 च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. धंदा बसला, दिवाळे निघाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. तुकोबांनी दारिद्र्य पुस्तकात वाचले नव्हते! पुढे घरातील खतपत्रांच्या वाटण्या झाल्या. परंपरा सांगते की, धाकट्या भावाच्या वाटणीचे कागद त्यांनी त्याला दिले आणि आपल्या वाटणीचे इंद्रायणीत बुडवले. या गोष्टीवर पुष्कळ कीर्तने होतात, पण दोन बारकावे निसटतात. पहिला हा की, कागद बुडवले ते घेणेकऱ्याने, देणेकऱ्याने नव्हे. माफी देण्याचा हक्क ज्याचे येणे आहे त्याचा. आपण कर्ज घ्यावे आणि आपणच कागद बुडवावा, याला तुकोबांचा आधार नाही. दुसरा हा की, भावाच्या हिश्श्याला त्यांनी हात लावला नाही. दुसऱ्याच्या पैशावर उदार होणे त्यांना मान्य नव्हते.

तसेच मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचे. दुष्काळात त्यांनी बादशाही कोठार भुकेल्यांसाठी मोकळे केले, आणि कथा अशी की विठोबाने विठू महाराच्या रूपाने बिदरला जाऊन धान्याची रक्कम भरली. अहो, देवाने सुद्धा बादशहाचे येणे बुडवले नाही. पैसे मोजून पावती घेतली! मात्र दोन्ही कथांत कागदापेक्षा भुकेलेला जीव मोठा ठरला. तेव्हा सिद्धांत असा की, ऋण हे धनावर असते, प्राणावर नसते. धन देऊन ते फेडावे. प्राण देऊन ते फिटत नाही, उलट मागे राहिलेल्यांच्या गळ्यात पडते.

मग फेडावे कसे? येथे आपल्या जवळचे उदाहरण आहे. देवगिरी किल्ल्यावर श्रीएकनाथमहाराज गुरू जनार्दनस्वामींच्या घरी हिशेब लिहीत. एकदा एका पैची चूक निघेना, म्हणून दिवा लावून रात्रभर बसले, आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली, अशी कथा आहे. देणेकरी माणूस याच्या उलट वागतो. वही उघडायला भितो. रक्कम अंधारात ठेवली की ती भुतासारखी मोठी होते. म्हणून पहिले काम हे की, एका कागदावर सगळे देणे लिहावे: कोणाचे, किती, व्याज काय. ज्याचे व्याज जास्त ते आधी तोडावे. महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाला शेकडा साठ, हे उघड्या डोळ्यांनी वाचावे. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता. थकलेले व्याज मुद्दलाइतके झाले की पुढे चढत नसे. म्हणजे व्याजालाही मर्यादा हवी, हे शहाणपण आजचे नाही.

दुसरे काम म्हणजे घरात सांगावे. संसार दोघांचा, मग ओझे एकट्याचे का? तिसरे, धमकीला भिऊ नये. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्रात 2014 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते. बँका व वित्त कंपन्यांच्या वसुलीच्या माणसांनी सकाळी 8 पूर्वी आणि सायंकाळी 7 नंतर फोन करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने 2022 साली बजावले आहे. आणि मन फारच काळवंडले तर 14416 या सरकारी क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. पाय मोडला की वैद्याकडे जाण्यात लाज नाही, मग मन मोडले तर का असावी?

चौथी गोष्ट थोडी कडू आहे, पण आपल्याच पंगतीत बसून सांगितली पाहिजे. कर्ज काढून अन्नदान करू नये. उसन्या पैशाची पंगत ही खरे पाहता घेणेकऱ्याची पंगत; पुण्य मागायला आपण कोण? वारीला व्याजाच्या पैशाने गाडी करून जाण्यापेक्षा छोट्या पंढरपुरापर्यंत पायी चालावे. नामाला पैसा लागत नाही. टाळाला व्याज नाही. ज्या दिवशी हातात काही नसेल, त्या दिवशी पंगतीत वाढायला उभे राहावे. तेही अन्नदानच आहे. पण लाजेने भजन मात्र सोडू नये. देणे असलेला माणूस एकटा पडला की अर्धा बुडाला.

त्या गृहस्थाचे पुढे काय झाले ते सांगतो. चमत्कार काही झाला नाही. त्याने घरी सांगितले, तर बायको म्हणाली, “अहो, तुम्ही दूध सोडलं तेव्हाच मला कळलं होतं. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते.” दोघांनी बसून कागद केला. कामगारांच्या एका पतसंस्थेतून वर्षाला शेकडा बारा व्याजाने 60,000 काढले आणि सावकाराचे मुद्दल एकरकमी फेकले. कोणी म्हणेल, हे टोपी फिरवणेच की! नाही. रक्कम वाढली नाही आणि व्याज पाचपटीने उतरले. पूर्वी 3,000 जात आणि मुद्दल हलत नसे. आता 2,000 च्या आसपास हप्ता जातो आणि 36 महिन्यांत सर्व फिटते. उरलेल्या हजारातून आधी दूध सुरू केले, रात्रपाळी सोडली. देणे अजून आहे, पण त्याला शेवट आहे. शेवट दिसला की माणूस चालू शकतो. वाट लांब असली तरी वारकरी थकत नाही, कारण मुक्काम ठाऊक असतो.

परवाच्या द्वादशीला तो पुन्हा पंगतीत दिसला. मी लांबून पाहत होतो. वाढणाऱ्याने विचारले तेव्हा त्याने पान पुढे केले.

तात्पर्य, देणेकऱ्याने पोटभर जेवावे. चैन सोडावी, जेवण सोडू नये. मौज कमी करावी, झोप कमी करू नये. दिलेला शब्द पाळावा, आणि तो पाळण्यासाठीच देह राखावा. घेणेकऱ्यांच्या यादीत पहिले नाव या देहाचे आहे. त्याचा रोजचा हप्ता म्हणजे भाकरी आणि निद्रा. तो थकवून बाकीचे हप्ते भरता येत नाहीत.

राम कृष्ण हरि.