इंदापूरची साखळी

इंदापूर तालुक्यातल्या एका वाटणीची मोजणी आटोपून भाची लिंबाखाली येऊन बसली. ती भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक आहे. शेजारी तिचे मामा, इतिहासाचे निवृत्त शिक्षक.

"मामा, मोजणारा माणूस शेतकऱ्याचा की सरकारचा?"

"याच मातीत एक गोरा अधिकारी हे कोडं घेऊन वावरला," मामा म्हणाले. "लेफ्टनंट जॉर्ज विंगेट."

त्याच्या आधी प्रिंगल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवला होता. हिशेब पुस्तकी, मोजणी चुकीची. माणसं गाव सोडून गेली, जमिनी पडीक पडल्या. मग मुंबई इंजिनियर्समधला विंगेट आणि मुलकी खात्यातला गोल्डस्मिड यांनी १८३६ साली इंदापुरात नवी पद्धत लावली. खड्डा खणून माती किती हात खोल आहे ते पाहायचं. वाळू, चुनखड, उतार असेल तर प्रत खाली आणायची. सारा हलका, आणि ३० वर्षं पक्का. पडीक रानं पुन्हा नांगराखाली आली.

"म्हणजे शेतकऱ्याचाच," भाची म्हणाली.

"थांब. शेत एका नावावर पक्कं झालं, सारा हलका झाला, तशी जमिनीला किंमत आली. किंमत आली म्हणून ती गहाण पडू लागली. दिवाणी कोर्ट सावकाराच्या हाती होतंच."

"पण ते त्याला कुठं ठाऊक होतं?"

"कळलं तेव्हा त्यानं लिहिलं. १८५२ साली त्यानं सरकारला सांगितलं, कायद्याच्या जोरावर सावकार कुणब्याला बुडवतोय."

इथे भाची थबकली. लिहिणं पुरेसं का? मोजणीची साखळी तर थांबली नव्हती. विंगेटचीच पद्धत जिल्ह्यामागून जिल्ह्यात चालली होती.

मामांना अमेरिकेतला जनरल जॉर्ज क्रूक आठवला. पश्चिमेकडे मूळ रहिवाशांशी लढण्यात त्याची हयात गेली. १८७९ साली पोंका जमातीचा नायक स्टँडिंग बेअर याला पकडायचा हुकूम आला. त्यानं पकडलं, पण एका पत्रकाराला हकीकत सांगून खटल्याला वाटही करून दिली. कायद्याच्या नजरेत हा इसम माणूस आहे, असा निकाल ओमाहात लागला. खटल्यात प्रतिवादी म्हणून नाव होतं क्रूकचंच.

"हुकूमही पाळला आणि वाटही दाखवली. दोन्ही एका हातानं कसं?" भाचीने विचारलं.

"हातात अधिकार होता म्हणूनच जमलं. राजीनामा देऊन घरी बसला असता तर त्या पोंकांचं काय झालं असतं?"

"आणि इकडे सुप्याच्या लोकांचं काय झालं, मामा?"

मामा गप्प झाले. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं कापसाचे भाव चढले होते. त्या तेजीतच इंदापूरची ३० वर्षं संपली आणि १८६७ साली सारा मोठा वाढला. भाव उतरले, सारा लगेच उतरला नाही. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, आज बारामती तालुक्यात असलेल्या सुप्यात कुणब्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली.

विंगेट प्रामाणिक होता, यात शंका नाही. तरीही भाचीची बाजू जड आहे: ज्याच्या साखळीनं शेत गहाणवटीला आलं, त्याचं काम एका पत्रानं संपत नाही. त्यानं इशारा दिला १८५२ मध्ये. दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला १८७९ मध्ये, खतं जळून चार वर्षं झाल्यावर.