नळी अजून आत का?

बारा नंबरच्या आजोबांची युरोबॅग फरशीवर लोळतेय आणि तुम्ही तिघंही तिला ओलांडून पुढे गेलात. कॅथेटर कधी घातला विचारलं तर एकमेकांची तोंडं बघताय. उघडा तो केस पेपर. ऑपरेशनच्या दिवशी घातलाय, आज सहावा दिवस. काल आजोबा व्हरांड्यात चालून आले. मग नळी अजून आत का?

तोंडी परीक्षेत औषधांना न जुमानणाऱ्या लघवीच्या जंतुसंसर्गाचे धोक्याचे घटक घडाघडा म्हणता: वय, मधुमेह, प्रोस्टेट, आधीचं अ‍ॅडमिशन, नुकतीच घेतलेली अँटिबायोटिक्स. वय तुम्हाला कमी करता येणार नाही. नळी मात्र तुमच्या हातात आहे. ती राहिली की दर दिवसामागे साधारण 3 ते 7 टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात. नळीवर चिकट थर धरून बसतात, त्यात औषध नीट पोचत नाही. आणि वॉर्डातले ई. कोलाय, क्लेबसिएला आधीच औषधांना सरावलेले. ते कुणाच्या हातावरून फिरतात? शेजारची बॅग रिकामी करून त्याच ग्लोव्हजनी तुम्ही या कॉटकडे वळलात. मी बघत होते.

त्याहून मोठा गुन्हा पुढे आहे. ताप नाही, ओटीपोटात दुखत नाही. लघवी गढूळ दिसली एवढ्यावर सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन सुरू केलंत. कल्चर पाठवलंत ते डोस दिल्यावर, तेही बॅगेत साठलेल्या लघवीचं! नमुना नळीच्या पोर्टवरून, स्पिरिटने पुसून, सिरिंजने घ्यायचा, हे कितीदा सांगायचं? लक्षणं नसताना नुसते जंतू सापडले तर औषध द्यायचं नसतं. गरोदर बाई आणि मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेचा पेशंट हे मुख्य अपवाद. तुमच्या इंजेक्शनाने साधे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात. उद्या आजोबांना खरंच हुडहुडी भरली तर मेरोपेनेमवर जावं लागेल. त्यालाही दाद न देणारा क्लेबसिएला आपल्याकडच्या आयसीयूंत नवा नाही. मग कोलिस्टिन, म्हणजे मूत्रपिंडाला धोका. आणि पैसे त्यांचा मुलगा उसने आणणार.

रात्रपाळीला माणसं कमी होती, हे मला ठाऊक आहे. ती सबब इथे चालणार नाही. नळी काढायला पाच मिनिटंही लागत नाहीत. बॅगा रिकाम्या करण्यात तुमचा रोज त्याहून जास्त वेळ जातो.

चार वाजता मी पुन्हा राउंडला येतेय. प्रत्येक कॅथेटरवाल्या पेशंटच्या पेपरवर तारीख आणि कारण लिहिलेलं हवं. कारण सापडणार नाही तिथे युनिटच्या सरांना विचारून नळी काढलेली हवी. आणि आधी हात धुवा.