पात्र



आजचं चिंतन भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायातल्या २० व्या श्लोकावर. सात्त्विक दान कसं असतं ते भगवंत इथे सांगतात. द्यायला हवं म्हणून दिलेलं, परतफेड न करणाऱ्याला दिलेलं, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य पात्राला दिलेलं. आजवर हा श्लोक मी देणाऱ्याच्या बाजूनं वाचत आले. यंदाच्या भाऊबीजेपासून मात्र तो घेणाऱ्याच्या बाजूनं वाचावा लागतोय.

मी कोल्हापूरची. एलिमेंटरी, इंटरमिजिएट झाल्या तेव्हापासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं वेड होतं. आमचे चित्रकलेचे सर धुरंधरांचं नाव सारखं घ्यायचे. १८९० साली कोल्हापूरहून जे. जे.त गेलेला मुलगा पुढे तिथेच शिक्षक झाला, ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे पुस्तक लिहून गेला. पण तो मुलगा होता! "एकटी पोरगी मुंबईला नको," एवढंच वडील म्हणाले. बारावीनंतर मी वर्षभर घरी बसले.

पुढच्या वर्षी धाकट्या भावानंही जे. जे.चा फॉर्म भरला. त्याचा हात चांगला होता, पण जीव यंत्रात. दोघांनाही प्रवेश मिळाला आणि वडील "दोघं असाल तर जा" म्हणाले. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघालो, डोंबिवलीला मावशीकडे राहिलो. लोकलच्या गर्दीत माझासुद्धा ड्रॉइंग बोर्ड तोच डोक्यावर धरून उभा राहायचा. दुसरं वर्ष संपलं, मला वसतिगृहात जागा मिळाली, आणि तो "मन लागत नाही" म्हणून घरी परतला. आज त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतावरचे जळलेले पंप त्याच्याकडे येतात.

मी चित्रकला शिकवते. दर वर्षी नव्या मुलांना माझी गोष्ट सांगते. तिच्यात एक वाक्य ठरलेलं असायचं : "आम्ही दोघं गेलो. भाऊ टिकला नाही, मी टिकले."

यंदा भाऊबीजेला ओवाळणी झाल्यावर आई सहज बोलून गेली. फॉर्म भरताना त्यानं तिला सांगितलं होतं, "मी गेलो तरच अक्काला सोडतील. तिचं तिकडं बस्तान बसलं की मी येतो माघारी."

खरं सांगते, आधी मला रागच आला. मला कुणी विचारलं होतं? विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं. कदाचित म्हणूनच त्यानं विचारलं नाही. शिवाय त्या दोन वर्षांची त्याची फी वडिलांच्या पगारातून गेली, आणि त्यांना खरं कारण कधी कळलंच नाही. असं लपवून दिलेलं दान सात्त्विक म्हणायचं का? यावर मी बरेच दिवस विचार केला. वडिलांपुरतं तरी उत्तर अजून सापडलेलं नाही.

भावाला विचारलं तर तो हसला. "दान-बिन काय नव्हतं गं अक्का. दोन वर्सं मुंबई बघितली की!" दिल्याची नोंदसुद्धा त्यानं ठेवलेली नाही. श्लोकात सांगितलेला देणारा असाच असणार.

मग घेणाऱ्याचं काय? श्लोकात त्याच्यासाठी एक शब्द आहे, पात्र. पात्र म्हणजे भांडंही. भांड्यानं पाणी परत करायचं नसतं. पण हा झरा माझाच, असंही सांगायचं नसतं. मी नेमकं तेच सांगत आले. माझी मेहनत खोटी नव्हती. पण ज्याच्या खांद्यावर उभी राहिले, त्यालाच मी कमकुवत ठरवलं, तेही वर्गात, नवीन मुलांसमोर, उदाहरण म्हणून. घेतलेलं फेडता आलं नाही तर तो दोष नाही. घेतलेलं लपवणं, हा दोष आहे.

मंडळी, आपल्या यशाच्या गोष्टीत ‘टिकला नाही’ म्हणून आपण कुणाला बसवलंय, ते आज एकदा तपासून बघूया. येत्या सोमवारी माझा नवा वर्ग सुरू होतोय. यंदा ते वाक्य असं सांगणार आहे : "भाऊ सोबत आला, म्हणून मला जाता आलं."

श्रीकृष्णार्पणमस्तु.