देवराई : भीती की ज्ञान?

देवाच्या नावाने राखलेल्या देवराईतली वाळकी काटकीही उचलायची नाही, हा नियम पिढ्यान्‌पिढ्या देवीच्या कोपाच्या भयाने पाळला गेला. अशा भयात ज्ञान असते का? बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७३ ते २००४ या काळात शिकवलेले पुण्याचे माधव गाडगीळ यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ व्ही. डी. वर्तकांसह पश्चिम घाटातल्या देवराया अभ्यासल्या. उदाहरणार्थ, श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावाला आपली राई तुटू द्यायची नव्हती. गावाचा झरा त्या राईतूनच वाहत होता, आणि शेजारी राई तुटल्यावर पाणी आटलेले गावकऱ्यांनी पाहिले होते. म्हणजे श्रद्धेच्या पोटात निरीक्षण होते. तिला सरसकट अंधश्रद्धा म्हणणे अन्यायाचेच.