भीतीला सगळे माफ?

जॉर्ज रोमेरो यांनी पिट्सबर्गच्या मित्रांना घेऊन, मोठ्या स्टुडिओविना काढलेला 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' १९६८ साली आला. त्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. चित्रपटातला कृष्णवर्णीय बेन रात्रभर चालत्या प्रेतांशी झुंजून वाचतो. सकाळी मदतीला आलेली बंदूकधारी टोळीच त्याला दुरून प्रेत समजून गोळी घालते.

ते घाबरले होते म्हणून निर्दोष ठरतात का? भीती वाटणे माणसाच्या हाती नसते. शहानिशा करणे असते. सूरह हुजुरातची ताकीदही हीच आहे. संशयाचे चटके आपण सोसतो, म्हणूनच कुणाविषयी ऐकीव गोष्ट पुढे सांगण्याआधी आपण थांबले पाहिजे. आपल्याही हातून दुरून गोळी सुटू शकते.