बंदराची जुनी उधारी

मोठ्या बंदराला विरोध झाला की त्याचे एक ठरलेले निदान केले जाते: लोकांना प्रकल्प नीट समजावून सांगितला गेला नाही. मग माहितीपत्रके निघतात, चित्रफिती तयार होतात, रोजगाराचे मेळावे भरतात. डहाणूजवळच्या वाढवण बंदराची माहिती तर कोणी दडवून ठेवलेली नाही. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. समुद्रात १,४४८ हेक्टरांचा भराव, वर्षाला जवळपास ३० कोटी टन मालाची क्षमता, सुमारे दहा लाख रोजगारांची शक्यता हे आकडे वर्तमानपत्रांतून घरोघर पोचले. तरीही किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा संशय गेला नाही. हा संशय अज्ञानातून आला असता तर माहितीने तो फिटला असता. मला वाटते, तो आला आहे तो पुरेशा माहितीतूनच. फक्त ती माहिती वाढवणची नाही, उरणची आहे.

वाढवण उभारणाऱ्या कंपनीत ७४ टक्के वाटा जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा आहे, म्हणजे उरणजवळच्या न्हावा-शेव्याचाच. १९८९ मध्ये सुरू झालेले ते बंदर आज देशातले अग्रगण्य कंटेनर बंदर आहे आणि त्याची कार्यक्षमता नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच्या शेजारचा हिशेब वेगळा आहे. जानेवारी १९८४ मध्ये नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणचे शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले; बंदराच्या प्रकल्पग्रस्तांच्या हाती त्याची इरादापत्रे पडायला २०१४ साल उजाडले. बंदरासाठी शेव्याचा कोळीवाडा उठवून उरणजवळ वसवला गेला, त्या हनुमान कोळीवाड्यातली घरे वाळवीने पोखरली आणि पुन्हा पुनर्वसन मागण्याची पाळी आली. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उरण परिसरातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा बंदरावर टाकला. बंदर सुरू होऊन तोवर पाव शतक उलटले होते. डहाणूचा मांगेला किंवा कोळी मच्छीमार हे सगळे जाणतो. त्याला नवी चित्रफीत दाखवणे म्हणजे जुनी बाकी असताना दुकानदाराने नवी वही उघडण्यासारखे आहे.

बाकीच्या महाराष्ट्राला मात्र हे दिसत नाही, आणि त्याला कारण आहे. मुंबईची गोदी शहराच्या कुशीत होती. प्रिन्सेस डॉक १८८० चा, व्हिक्टोरिया डॉक १८८८ चा. गोदी कामगार जवळच्याच चाळींत राहत, आणि एप्रिल १९४४ मध्ये फोर्ट स्टिकिन या जहाजाचा स्फोट झाला तेव्हा अख्खे शहर हादरले. कंटेनर आल्यावर बंदराला माणसे कमी आणि जागा जास्त लागू लागली. बंदर खाडीपलीकडे गेले, भिंतीआड, सशस्त्र पहाऱ्याआड. आपल्या घरातला दूरचित्रवाणी संच कुठल्या धक्क्यावर उतरला हे आपल्याला ठाऊक नसते. फायदा असा राज्यभर पातळ पसरतो, तर धूर, गाळ, ट्रेलरची रांग आणि बंद झालेली जलवाट चारदोन गावांच्या वाट्याला येते. ही विषमता समजून घेणे हाच ‘जनजागृती’चा पहिला धडा असायला हवा, आणि तो किनाऱ्यापेक्षा शहरांना जास्त लागू पडतो.

समजावण्याच्या खटाटोपात मुख्य चूक क्रमाची होते. वाढवणची जनसुनावणी १९ जानेवारी २०२४ रोजी झाली. पुढच्याच महिन्यात पर्यावरण मंजुरी आली, ऑगस्टअखेर पायाभरणीही उरकली. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ मध्ये इथलेच बंदर नामंजूर केले होते. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने ना-हरकत दिली, तेव्हा न्यायमूर्ती हयात नव्हते. परिस्थिती, आराखडा, तंत्र बदलू शकते. निर्णयही बदलू शकतो. पण तो का बदलला हे गावाला गावाच्या भाषेत कळायला हवे की नको? पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार स्थानिक भाषेत द्यावा लागतो तो अहवालाचा सारांश. मूळ शेकडो पाने इंग्रजीत. ज्याची मासेमारीची ठरलेली जागा भरावाखाली जाणार, त्याने प्रवाह आणि गाळाचे गणित सारांशावरून तपासायचे, ही अपेक्षा जरा मौजेचीच आहे.

यावर उत्तर येते की असे तपासत बसलो तर कुठलेच बंदर होणार नाही. लॉस एंजेलिसचा अनुभव तसे सांगत नाही. २००१ मध्ये तिथल्या बंदराने पुरेशा पर्यावरण तपासणीविना चायना शिपिंगच्या टर्मिनलला हिरवा कंदील दाखवला. बंदरालगतच्या सॅन पेड्रोच्या रहिवाशांनी आणि पर्यावरण संघटनांनी न्यायालयात काम अडवले, २००३ मध्ये तडजोड झाली, आणि जहाजांनी धक्क्यावर इंजिन बंद करून किनाऱ्यावरची वीज वापरण्याची सोय तिथे आली. २००६ मध्ये शेजारच्या लाँग बीचसह हवाशुद्धीची योजना आखली गेली. बंदर दरवर्षी आपल्या उत्सर्जनाचा हिशेब छापू लागले. डिझेलचा सूक्ष्म धूर २००५ च्या तुलनेत ८० टक्क्यांहून अधिक घटला आणि बंदर अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांत कायम राहिले. गोष्ट इथे संपत नाही, हे सांगायला हवे. त्याच टर्मिनलवरच्या काही अटी पाळल्याच गेल्या नसल्याचे २०१५ मध्ये उघड झाले. म्हणजे तिथले अधिकारी काही देवमाणसे नव्हती. अटी लिहिलेल्या होत्या, मोजता येण्यासारख्या होत्या, म्हणून चुकार पकडला गेला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वाढवणला किनाऱ्याजवळ सुमारे वीस मीटर नैसर्गिक खोली आहे; बरीच मोठी जहाजे आपल्याकडे न येता कोलंबोला माल उतरवतात, त्याची किंमत देशभरातला निर्यातदार मोजतो. काही गावांसाठी हे थांबवायचे का? आणि विरोधात राजकारणही मिसळलेले असते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण देशहिताचा दावा जितका मोठा, तितकी भरपाईची ऐपतही मोठी असायला हवी. ७६ हजार कोटींच्या प्रकल्पाला मच्छीमारांचा हिशेब परवडत नाही असे म्हणता येणार नाही. राजकारण्यांचे भाषण तरी कुठे रुजते? जिथे आधीच्या आश्वासनाची जागा रिकामी असते तिथे.

म्हणून बंदर प्राधिकरणाने सुरुवात डहाणूत नव्हे, हनुमान कोळीवाड्यात करावी. त्यानंतर वाढवण, वरोर, धाकटी डहाणू इथे कोणाच्या किती होड्या, कोणत्या हंगामात घोळ, दाढा, पापलेट, बोंबील किती, सुकवणाऱ्या आणि विकणाऱ्या बायकांची कमाई किती, याची नोंद मच्छीमार सहकारी संस्थांबरोबर बसून करावी आणि ती ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावी. उरणच्या भरपाईत कुटुंबांना आपले नुकसान अनेक वर्षांनी, समुद्र बदलून गेल्यावर सिद्ध करावे लागले. वाढवणला भराव पुरा व्हायच्या आत ही नोंद झाली नाही, तर वीस वर्षांनी एखाद्या लवादासमोर पुन्हा तोच प्रश्न येईल: आधी इथे किती मासळी मिळत होती?